सोप्रानो होऊ पाहणाऱ्या धाकट्या मैत्रिणीस

परभणीत हार्मोनियमवर काळी चारमध्ये गात वाढलेल्या तुला सोप्रानोची, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातील सर्वांत उंच पट्टीच्या स्त्री-आवाजाची, वाट धरायची असेल, तर पहिली २-३ वर्षे श्वासालाच दे. कारण ऑपेरात, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या पाश्चात्त्य संगीतनाटकात, सहसा मायक्रोफोन नसतो आणि भल्या मोठ्या वाद्यवृंदावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत शरीराच्या बळावरच न्यावा लागतो. मी रोज सकाळी सतरंजीवर उताणी पडून पोटावर जाड शब्दकोश ठेवत असे आणि तो सावकाश वर-खाली होतो ना, हे पाहत असे. संगीतकार मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातील (१७९१) रात्रीच्या राणीचे तारस्वर खुणावतील, पण विशीत त्यांचा मोह धरू नकोस, आधी त्याच्याच ‘फिगारो’ ऑपेरातील सुझान्नाची भूमिका नीट गा. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ यांनी ऑपेराइतकेच कॉन्सर्टमध्येही (अभिनयाविना, नुसत्या गायनाच्या मैफलीतही) नाव कमावले, तेव्हा कॉन्सर्टला दुय्यम मानू नकोस. इटालियन, जर्मन उच्चार मात्र आजच सुरू कर.