कार्टून बघून मोठ्या माणसाला खरंच भीती वाटू शकते का? एखादी छोटी फिल्म सुचवाल?

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला भयपट आवडतात, पण नवरा म्हणतो, "बाहुल्या आणि चित्रं बघून कोण घाबरतं?" म्हणून तुम्हाला पंधरा मिनिटांच्या आत संपणारी, उगाच किंचाळ्या नसलेली, मोठ्यांसाठी केलेली एखादी अ‍ॅनिमेशन फिल्म हवी आहे.

'द सँडमॅन' बघा. १९९१ सालची ब्रिटिश फिल्म, दिग्दर्शक पॉल बेरी. सुमारे दहा मिनिटांची आहे आणि सगळी बाहुल्यांची. संवाद नाहीत, त्यामुळे भाषेचा प्रश्नच येत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. मुलं झोपल्यावर बघा, आणि शेवटी नावं यायला लागली तरी बंद करू नका.

पुढे मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. तेव्हा आधी फिल्म बघा, मग हे वाचा.

गोष्ट एवढीशीच आहे. रात्रीची वेळ, घरात आई आणि लहान मुलगा. झोपायची वेळ झाली म्हणून आई त्याला वर पाठवते. तो हातात दिवा घेऊन जिना चढतो. हा जिना मी विसरूच शकत नाही. भिंती कलंडलेल्या, दारं तिरकी, सावल्या सुरीने कापल्यासारख्या. १९२०च्या सुमारास जर्मन मूकपटांत अशी वाकडी, रंगवलेली घरं असत. 'डॉक्टर कॅलिगारी' पाहिला असेल तर लगेच ओळख पटेल. माझं आजोळ वाईला, जुन्या वाड्यात. आम्ही माडीवर झोपायचो. लाकडी जिना, मधे एक वळण, आणि वळणावर खालचा उजेड संपायचा. शेवटच्या तीन पायऱ्या मी कायम पळत चढले आहे. कशाला घाबरून, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. या फिल्मने मला पहिल्या दोन मिनिटांत त्या वळणावर नेऊन उभं केलं.

मग तो सँडमॅन येतो. चंद्रकोरीसारखा बाकदार चेहरा, अंग पक्ष्याचं. चवड्यांवर, जवळजवळ नाचत चालतो. त्याला कसलीच घाई नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आता तुमच्या नवऱ्याचा मुद्दा. माझ्या मते बाहुली असल्यामुळे भीती कमी होत नाही, उलट वाढते. अशा फिल्ममध्ये बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. एक ठेवण दोन चौकटींना वापरली तरी सेकंदाला १२ वेळा बाहुलीला हात लावावा लागतो, म्हणजे दहा मिनिटांना सात हजारांच्या वर. हालचाल सलग दिसते, पण आत कुठेतरी किंचित थरथर राहते. निर्जीव वस्तू हलते आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि तरी ती आपल्याकडे बघते. एर्न्स्ट येंच नावाच्या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९०६ मध्ये हेच मांडलं होतं, की समोरची वस्तू जिवंत आहे की नाही याची खात्री नसणं हे अशा भीतीचं एक मोठं कारण असतं. मी कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर कलाकारांच्या कळसूत्री बाहुल्या पाहिल्या आहेत. खेळ संपल्यावर त्या दोरीला लटकत होत्या. त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायला मला जड गेलं होतं. पडद्यावरच्या माणसाबद्दल असं कधी होत नाही, कारण तो नट आहे आणि काम झाल्यावर घरी जातो हे आपण धरून चालतो.

मूळ कथा ई. टी. ए. हॉफमन या जर्मन लेखकाची, १८१६ची. युरोपात मुलांना सांगतात की सँडमॅन डोळ्यांत वाळू टाकतो म्हणून झोप येते. हॉफमनच्या कथेत आई मुलाला समजावते, असा कोणी नसतो रे, डोळ्यांवर झोप आली एवढाच त्याचा अर्थ. दाई मात्र वेगळंच सांगते: जी मुलं झोपायला जात नाहीत त्यांच्या डोळ्यांत तो मूठभर वाळू फेकतो, डोळे बाहेर येतात, ते पोत्यात भरून तो चंद्रावर आपल्या पिल्लांना नेऊन भरवतो. त्या पिल्लांच्या चोची घुबडासारख्या. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१९ मध्ये याच कथेवर पानंच्या पानं लिहिली.

पण बेरीने केलेला बदल माझ्या मते हॉफमनच्याही पुढचा आहे. दाईच्या गोष्टीत शिक्षा न ऐकणाऱ्या मुलांना होते. आपल्या बागुलबुवाचाही तोच करार असतो ना? डोळे मीट, नाहीतर तो येईल. म्हणजे मिटलेस तर येणार नाही. फिल्ममधला मुलगा तर आईचं ऐकतो. वर जा म्हटल्यावर वर जातो, अंथरुणात शिरतो. तरीही तो येतो आणि डोळे घेऊन जातो. घरट्यात पिल्लं वाट बघत असतात. त्यानंतर नावं सरकत असताना अंधारात चाचपडणारी मुलं दिसतात, डोळ्यांच्या जागी नुसते खळगे. तो मुलगाही त्यांच्यातच.

ही मोठ्यांचीच फिल्म आहे, ते यासाठी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती आणि आदल्याच रात्री मी तिला बागुलबुवाची धमकी देऊन झोपवलं होतं. मी उठून तिच्या खोलीत गेले आणि बराच वेळ तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत बसले. त्यानंतर ते नाव मी तिच्यासमोर काढलेलं नाही. झोपायला उशीर होतो, होऊ दे.

बेरी आणि त्याचे जोडीदार कॉलिन बॅटी व इयन मॅकिनन हे मँचेस्टरच्या कॉसग्रोव्ह हॉल या स्टुडिओत मुलांच्या बाहुलीपटांवर काम केलेले लोक. मुलांना काय आवडतं हे रोज हाताळणाऱ्यांनाच मुलं कशाला घाबरतात ते इतकं अचूक माहीत असावं. फिल्मला १९९३च्या ऑस्करमध्ये नामांकन मिळालं. बेरीने पुढे अमेरिकेत 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस'साठी काम केलं आणि २००१ मध्ये तो गेला. त्याने स्वतः दिग्दर्शित केलेलं अजून खूप काही बघायला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

रक्तपात जवळजवळ नाही, पण डोळ्यांचा विषय सहन होत नसेल तर ही फिल्म सोडून द्या. त्याऐवजी रॉबर्ट मॉर्गनची 'द कॅट विथ हँड्स' (२००१) बघा. चारेक मिनिटांची आहे. माणूस व्हायचं वेड लागलेलं एक मांजर, आणि त्याला माणसाचे हात. मॉर्गनच्या बहिणीला लहानपणी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या स्वप्नावरून त्याने ती केली आहे.