गेट म्हणजे फक्त मिळणंच का?

प्रश्न : शाळेत गेट म्हणजे मिळणे एवढंच शिकवलं होतं. आता ऑफिसच्या कॉलवर ‘आय गेट इट’, ‘गेट देअर बाय फाइव्ह’, ‘लेट्स गेट स्टार्टेड’ असलं सारखं कानावर पडतं. हे सगळे अर्थ पाठच करायचे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको, डोकं उठेल. गेटच्या पुढे काय आलंय तेवढं बघा. वस्तू असेल तर मिळणं, घेणं नाहीतर आणणं, ‘गेट मी सम वॉटर’ म्हणजे पाणी आण. जागा आली की पोचणं. टायर्ड, अँग्री, लेट असलं काही आलं की होणं, ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणजे उशीर होतोय. ‘आय गेट इट’ म्हणजे कळलं, आणि ‘लेट्स गेट स्टार्टेड’ म्हणजे चला, सुरू करूया, बस.

खरी गंमत ‘आय गॉट माय हेअर कट’ मधे आहे. आपण बिनधास्त ‘मी केस कापले’ म्हणतो, कात्री सलूनवाल्याच्या हातात होती हे कुणाला सांगावं लागत नाही, पण इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणालात तर समोरच्याला वाटणार तुम्हीच आरशासमोर उभं राहून कापलेत. ब्लाउज शिवून घेतला, गाडी दुरुस्त करून घेतली, असं दुसऱ्याकडून काही करून घेतलं की आधी गेट, मग वस्तू, शेवटी क्रियापदाचा थर्ड फॉर्म. ‘आय गॉट माय ब्लाउज स्टिच्ड’.

‘माय फोन गॉट स्टोलन’ मधे मात्र कुणी काही करून घेतलेलं नाही, फोन चोरीला गेला बिचारा.

आणि हे जरा जपून. ‘आय गॉट टू मीट हिम’ म्हणजे भेटायला मिळालं, खुशीची गोष्ट. ‘आय हॅव गॉट टू मीट हिम’ म्हणजे भेटावंच लागेल. बोलताना ते हॅव पार गिळून टाकतात आणि ‘गॉटा’ तेवढं ऐकू येतं, म्हणून गॉटा ऐकलंत की सहसा भेटणं भाग आहे असंच धरा.

अमेरिकन क्लायंट असेल तर ‘गॉटन’ पण ऐकाल, ती चूक नाही, ते जुनंच रूप आहे, ब्रिटिशांनी बहुतेक सोडलं, अमेरिकेत टिकलं. त्यांच्याकडे ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे आणि ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी घेतली.