विंडोज एक्सपीत ॲडमिनिस्ट्रेटर दिसत नाही? आधी होम की प्रोफेशनल ते बघा

बाब, प्रिंटर बसवायला ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळे हक्क असलेलं खातं हवं नि तेच दिसत नाही म्हणताय, पण तुमचं काही उडालेलं नाही. दुसरं एखादं ॲडमिन खातं असलं की एक्सपीचा वेलकम स्क्रीन (सुरुवातीला खात्यांची चित्रं दाखवतो तो) मूळ ॲडमिनिस्ट्रेटरला लपवतो, म्हणून तुम्हाला मुलाचं आणि तुमचं अशी दोनच चित्रं दिसतायत. मुलगा पासवर्ड विसरलाय, तुमचं खातं लिमिटेड, म्हणजे कमी हक्कांचं, मग प्रिंटर कुठून बसणार!

आधी विंडोज आणि पॉज दाबून तुमची एक्सपी होम आवृत्ती की प्रोफेशनल ते बघा, सगळी मेख तिथेच आहे. प्रोफेशनल असेल तर वेलकम स्क्रीनवर कंट्रोल-ऑल्ट दाबून धरून डिलीट दोनदा मारा, जुन्या पद्धतीचा नाव-पासवर्डाचा डबा येतो, त्यात नावाच्या जागी Administrator टाइप करा, स्पेलिंग नीट बघा, पासवर्ड कधी ठेवलाच नसेल तर जागा कोरी सोडून एंटर. कुणाच्या नावाखाली प्रोग्राम चालू असल्याचं दिसत असेल तर हा डबा येत नाही, सरळ रीस्टार्ट करा.

होममध्येही डबा येतो हो, पण ॲडमिनिस्ट्रेटरला दारातूनच परत पाठवतो. त्याला सेफ मोडच लागतो, म्हणजे दुरुस्तीसाठी विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर चालू करणं. त्यासाठी मशीन चालू करताना विंडोजचा लोगो यायच्या आधी एफ-८ टपाटप मारत राहायचं.

इथे माझी फजिती झालेली. चतुर्थीला फोंड्याला मामाकडे, बाहेर घुमट-आरती रंगलेली आणि मी आत एफ-८ बडवतोय, काही म्हणजे काही होईना. यूएसबी कीबोर्ड होता, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) त्याचा सपोर्ट बंद, मशीन विंडोज येईपर्यंत त्याला ओळखतच नव्हतं. शेवटी माळ्यावरून जांभळ्या गोल पिनेचा जुना कीबोर्ड काढला, पुसला, मशीन बंद करून लावला आणि पहिल्याच फटक्यात काळा मेनू आला.

त्या मेनूत Safe Mode निवडा नि Administrator म्हणून आत जा. सेफ मोडात चित्रं मोठी नि बेढब दिसतील, घाबरू नका. आत गेल्यावर विचारेल त्याला येस म्हणा, नो म्हटलंत तर सिस्टम रिस्टोर उघडतो. मग कंट्रोल पॅनल, यूजर अकाउंट्स, तुमचं खातं, त्याचा प्रकार कॉम्प्युटर ॲडमिनिस्ट्रेटर करा नि रीस्टार्ट. मुलाच्या पासवर्डला हात लावायची गरजच नाही.

तिथेच वेलकम स्क्रीनची टिकपण आहे, ती काढली की तो कायमचा जातो, पण मग लॉग-ऑफ न करता यूजर बदलायची सोय जाते, घरात दोघं वापरत असाल तर राहू दे. आणि प्रिंटर बसला की त्या मशीनची नेटची वायर काढून ठेवा, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय, म्हणजे सुरक्षेचे अपडेट आता येत नाहीत.