‘शके १२१८ मध्ये’ : यातले ‘मध्ये’ काढायचे का?

प्रश्न असा आहे. वाचनालयाच्या भिंतीवर लावायला एका वाचकाने इ.स. १२९६ या सालाचा तक्ता केला : घटना, जन्म, मृत्यू. त्यात ‘शके १२१८ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली’ असे वाक्य होते. तपासणाऱ्याने ‘मध्ये’वर काट मारली. वाचक विचारतात, ‘शके’ हे ‘शक’चे अनेकवचन ना? मग ‘मध्ये’ का नको? आणि याच तक्त्यात अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची स्वारीही इसवी सनातून ७८ वजा करून शके १२१८ मध्ये टाकली आहे, ती तरी बरोबर आहे का?

‘शके’ हे अनेकवचन नाही. ती संस्कृतातली सप्तमी आहे : शक, शके, म्हणजे ‘शकात’. पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात तो आठवा. शालिवाहन शके, अमुकनाम संवत्सरे, शरदृतौ, कार्तिकमासे, कृष्णपक्षे, त्रयोदश्यां तिथौ. सगळी माळ सप्तमीची. ‘या शकात, या संवत्सरात, या महिन्यात’ असे म्हणत म्हणत आपण आजच्या दिवसापर्यंत येतो. मधले दुवे गळले आणि त्या माळेतला एक मणी, ‘शके’, मराठीत तसाच राहिला. लग्नपत्रिकेत, पंचांगाच्या मुखपृष्ठावर तो रोज दिसतो, म्हणून त्याची विभक्ती आपल्याला जाणवत नाही.

मराठीने हे रूप नेहमीच असे वापरले असेही नाही. अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखात ‘शकु संवतु ९३४’ असा काळ दिला आहे. तिथे ‘शकु’ प्रथमेत आहे, जुन्या मराठीचा उकार लावून. लगेच पुढे मात्र ‘संवसरे’ असे सप्तमीचे रूप येते. दगडावर एकाच ओळीत दोन्ही रीती शेजारी बसल्या आहेत, आणि मला ती ओळ त्यासाठीच फार आवडते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें’ असे आहे. बाराशेवर बारा, म्हणजे १२१२, इ.स. १२९०. यातला ‘तैं’ पाहा. ‘तैं’ म्हणजे ‘तेव्हा’. आधी ‘शके’ने काळ सांगितला आणि मग ‘तेव्हा’ने तो उचलून धरला. ‘मध्ये’ची गरजच पडली नाही.

तेव्हा तपासणाऱ्याचे म्हणणे मूळ व्याकरणाला धरून आहे. पण काट मारण्याइतकी ती चूक आहे असे मला वाटत नाही. आजच्या बोलण्यात ‘शके’ हे आकड्याआधीचे नुसते नाव झाले आहे, ‘इसवी सन’सारखे. ‘सन १२९६ साली’ असेही आपण सहज म्हणतो. ‘सन’ अरबी, ‘साल’ फारसी, आणि दोन्हींचा अर्थ वर्षच. तरी ते वाक्य कानाला टोचत नाही. मी स्वतः ‘शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी’ असे लिहीन, कारण ते आटोपशीर आहे आणि जुन्या मांडणीशी जुळते. आकडा नसेल तेव्हा मात्र ‘शके’ चालवू नका. ‘शालिवाहन शके सुरू झाले’ नव्हे, ‘शालिवाहन शक सुरू झाला’. तसेच ‘राज्याभिषेक शक’, ‘शककर्ता’.

आता वजाबाकी. शकाचे वर्ष चैत्रात, पाडव्याला बदलते, म्हणून ७८ वजा करण्याचा हिशेब पाडव्यानंतरच्या दिवसांनाच लागू पडतो. त्याआधीच्या जानेवारी-फेब्रुवारीला ७९ वजा करावे लागतात. शिवजन्म १९ फेब्रुवारी १६३०, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तिथे ७८ वजा केले तर १५५२ येतील आणि महाराज वर्षभर लहान होतील. १२९६ चेही तसेच आहे. अलाउद्दीन अलाहाबादजवळच्या कडा येथून फेब्रुवारीच्या अखेरीस निघाला, तेव्हा फाल्गुन चालू होता, शके १२१७. रामदेवराव यादवाकडून प्रचंड खंडणी घेऊन तो जूनच्या आरंभी कड्याला परतला, तेव्हा १२१८ लागले होते. एकाच स्वारीला दोन शके लागतात. तुमच्या तक्त्यात ‘शके १२१७-१८’ लिहिलेत तर ते खरे होईल. पुढे जुलैत त्याने सासरा आणि चुलता असलेल्या दिल्लीच्या सुलतान जलालुद्दीनाचा खून करवला, तो १२१८ मध्येच.

समाधीच्या नोंदीत एक भर सुचवतो. परंपरेने ती शके १२१८, दुर्मुखनाम संवत्सर, कार्तिक वद्य त्रयोदशी, गुरुवार अशी सांगितली जाते. इसवी सनात हा दिवस २५ ऑक्टोबर १२९६ येतो, आणि तो गुरुवारच आहे. महिनाभराने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सासवडला सोपानदेवांची समाधी. तीही याच तक्त्यात हवी. मुक्ताबाईंची वैशाखातली समाधी मात्र शके १२१९ ची, म्हणजे १२९७ ची, त्यामुळे ती पुढच्या सालाकडे जाईल. आणि ‘मृत्यू’ या मथळ्याखाली जलालुद्दीनाच्या शेजारी ज्ञानेश्वर आणि सोपानदेवांची नावे घालू नका. त्यांच्यासाठी ‘समाधी’ असा वेगळा रकाना करा, मराठीत त्यासाठी वेगळा शब्द आहेच.