चूकभूल: द्यायची काय, घ्यायची काय?

फोंड्याहून प्रश्न आला आहे: 'आमच्या भजनी मंडळाच्या हिशेबाखाली चू. भू. द्या. घ्या. असं छापतात. चूक पदरात घ्यावी हे कळतं, पण द्यावी कशी? त्याऐवजी क्षमस्व लिहिलं तर चालेल का?'

नाही चालणार. आभारप्रदर्शनाच्या शेवटी, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाची यथेच्छ निंदा करून झाल्यावर, हल्ली जो तो 'चूकभूल द्यावी घ्यावी' चिकटवतो. हा माफीनामा नव्हे, वहीखात्यातला करार आहे. वर्गणी 752 जमली आणि वहीत 725 पडले, तर पेटीत 27 रुपये जास्त निघतात. ते खजिनदाराने द्यावेत, मंडळाने घ्यावेत. फुलवाल्याला 752 देऊन खर्ची 725 पडले, तर 27 कमी भरतात. ते मंडळाने द्यावेत, खजिनदाराने घ्यावेत. (फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला, तर आधी उलटे पडलेले आकडे शोधा.) चूक सापडण्याआधीच ती भरून काढायचं दोघांनी कबूल केलेलं असतं. माणसं चुकणार, आणि तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवायचं नाही, हे त्या चार अक्षरांत आलं.

पण खरा आनंद पुढेच आहे. बाराव्या शतकातल्या जैन पंडित हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात संस्कृत 'भ्रंश' (निसटणं, ढळणं) धातूचे आदेश, म्हणजे त्याच्या जागी येणारी प्राकृत रूपं, सांगणारं एक सूत्र आहे: फिड, फिट्ट, फुड, फुट्ट, चुक्क, भुल्ल. चूक आणि भूल एकाच सूत्रात, एकमेकींना खेटून! आणि त्याच रांगेत फिट्ट, म्हणजे आपलं फिटणं. गाठ फिटते, तसं कर्जही फिटतं. चुक्कचंही तेच झालं: वाट चुकते आणि देणं चुकतं होतं. मुळात अर्थ निसटण्याचा, सुटण्याचा. वाटेवरून सुटला तो चुकला. देण्यातून सुटला त्याचं खातं चुकतं झालं. चूक करणं आणि चुकतं करणं ही माझ्या मते सख्खी भावंडं आहेत. 'चूक' थेट संस्कृत 'च्युत' (ढळलेला) वरून आणणाऱ्यांनी त्यातला 'क्क' कुठून आला ते आधी सांगावं. हेमचंद्राला संस्कृत येत नव्हतं असं तर नाही ना? तरी त्याने चुक्क हा आदेश म्हणूनच नोंदवला.

गोव्यातल्या चर्चमध्ये म्हटली जाणारी कोंकणी प्रार्थना ऐका: 'आमचेर चुकल्ल्यांक' आम्ही भोगसतो, म्हणजे क्षमा करतो, तशी आमची पातकं भोगस. आमच्यावर चुकलेले! ही प्रार्थना बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातली, आणि तिथे त्या जागी मूळ ग्रीक शब्द ऋणाचाच आहे. चूक आणि देणं तिथेही शेजारी आली.

राहिलं क्षमस्व. तो आज्ञार्थ आहे, 'तू क्षमा कर'. म्हणून 'आम्ही क्षमस्व आहोत' हे साफ चूक. शिवाय क्षमा एकजण मागतो आणि दुसरा देतो. हिशेबाखाली दोन्ही बाजू बांधलेल्या हव्यात. आभाराच्या भाषणात 'चुकलंमाकलं सांभाळून घ्या' म्हणा. देवळातल्या गाऱ्हाण्यातही चुकल्यामाकल्याचीच क्षमा मागतात. हिशेबाखाली मात्र चू. भू. द्या. घ्या. हेच, बेरजेच्या खाली आणि सहीच्या वर. नंतर फरक सापडला तर जुना आकडा खोडू नका. नव्या तारखेने 27 ची वेगळी नोंद घाला आणि शेजारी कारण लिहा. खाडाखोड दिसली की साध्या चुकीचाही संशय येतो.