इन्फेक्शन लघवीचं, मग हार्ट अन् किडनी दोन्ही कसे काय बसले?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी नागपूरला मानेवाड्याला राहते. माझे सासरे 66 वर्षांचे, शुगर 12 वर्षांपासून, बाकी ठणठणीत. मागच्या महिन्यात लघवीला जळजळ अन् थंडी वाजून ताप आला, दोन दिवस घरीच पॅरासिटामॉल अन् मेडिकलमधून आणलेली पेनकिलर दिली, तिसऱ्या दिवशी मला ओळखेनातच, काहीबाही बडबडायला लागले, बीपी 80 पर्यंत पडलं. आयसीयूत म्हणे सेप्सिस, मग म्हणे हार्टचं पंपिंग 30 टक्के, मग म्हणे किडनी कचरा गाळत नाही, रक्तात क्रिएटिनिन 4.8, तीन डायलिसिस झाले. आजारी पडायच्या आधी दिवाळीत टूडी इको (हार्टची सोनोग्राफी) केला तेव्हा पंपिंग 60 होतं! आधी सलाईनवर सलाईन लावली अन् मग इंजेक्शन देऊन तेच पाणी काढून राहिले, काहीच समजून नाही राहिलं. घरातले म्हणतात हॉस्पिटलनेच बिघडवलं. आता घरी आले, पंपिंग 50, क्रिएटिनिन 1.9, डायलिसिस आठ दिवसांपासून बंद. दोन्ही कायमचे गेले का हो?

उत्तर : ताई, आधी शेवटचं सांगतो, नाही, कायमचे गेले असं हे आकडे तरी म्हणत नाहीत.

आता झालं काय ते बघा. सेप्सिस म्हणजे नुसते जंतू नाही, जंतूंशी लढताना शरीर जो गोंधळ घालतं तो, अन् त्यात घरचीच भांडी फुटतात. सगळ्या रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी पडतं, अन् या लढाईत शरीर जी रसायनं सोडतं त्यांनीच हार्टचा स्नायू काही दिवस सुन्न होतो, हार्टची नळी ब्लॉक झालेली नसतानाही ट्रोपोनिन (हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) वाढलेलं दिसतं अन् घरच्यांना वाटतं अटॅक आला. पण यातल्या बऱ्याच पेशी मेलेल्या नसतात, गपगार पडलेल्या असतात, म्हणून वाचलेल्या बहुतेक पेशंटचं पंपिंग साधारण आठ-दहा दिवसांत वर यायला लागतं, तुमच्याकडे 30 चं 50 झालं ते हेच. हार्टने टाकलेल्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा एकट्या किडनीला लागतो, त्यामुळे बीपी पडलं की तिला झळ बसतेच, वर सेप्सिसचा मार तिला थेटही बसतो. एकाच आगीत दोन्ही घरं पोळली. 2008 मध्ये इटलीच्या डॉ. क्लाउडिओ रोंको यांनी हार्ट-किडनीच्या अशा जोडआजारांचे पाच प्रकार मांडले, त्यातला हा पाचवा, म्हणजे तिसराच आजार दोन्हींना एकदम पकडतो तो.

सलाईनचं म्हणाल तर ते दोन्ही बरोबर असू शकतं. सुरुवातीला बीपी पडलेलं असतं तेव्हा किलोमागे 30 मिलीच्या हिशोबाने, म्हणजे 70 किलोच्या माणसाला पहिल्या तीन तासांत दोन लिटरच्या वर पाणी देतात, तरी बीपी उठलं नाही तर नॉरअॅड्रिनॅलिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी वर आणणारं औषध. पण हार्ट थकलेलं असेल तर तेच पाणी पुढे जात नाही, मागे तुंबतं. सप्टेंबर 2023 ला आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला ते आठवतं ना, नदीच तुडुंब असली की नालीचं पाणी जाणार कुठे, ते उलटं घरात शिरतं. किडनीच्या शिरांतही तसाच दाब वाढतो अन् लघवी आणखी कमी होते. म्हणून आधी भरायचं अन् मग काढायचं. कधी थांबायचं हे ठरवणं मात्र खरंच कठीण, आम्हीही दिवसातून चार वेळा पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी वाकून बघतो, 70 किलोच्या माणसाला तासाला निदान 35 मिली तरी हवी, अन् सहा तास त्याच्या खाली राहिली की किडनीला इजा झाली असं धरतो. त्यामुळे हॉस्पिटलने बिघडवलं असं कागद न बघता मी म्हणणार नाही, डिस्चार्ज समरी अन् रोजचा इनटेक-आउटपुट चार्ट (पाणी किती गेलं, लघवी किती झाली त्याची नोंद) मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

पेनकिलरबद्दल मात्र बोलावंच लागेल, रागावू नका. किडनीत रक्त आणणारी नळी उघडी ठेवणारं एक रसायन असतं, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकं तेच अडवतात, अन् इथे ताप, बीपी कमी, वर शुगर. एकट्या गोळीने हे सगळं झालं असं नाही पण भर पडली असेल. यापुढे या गोळ्या घरातच ठेवू नका.

क्रिएटिनिनच्या 1.9 कडे मात्र हलक्यात बघू नका. किडनी पुरती सावरायला तीन महिनेही लागतात अन् शुगरच्या पेशंटमध्ये थोडी तूट कायम राहू शकते, ते आत्ताच कोणी सांगेल तर विश्वास ठेवू नका. क्रिएटिनिन अन् पोटॅशियम सध्या आठवड्याला, तीन महिन्यांनी लघवीतलं प्रोटीन अन् परत टूडी इको. शुगरची मेटफॉर्मिन किंवा बीपीची गोळी आधीच्या चिठ्ठीवरून आपल्या मनाने सुरू करू नका, नवीन क्रिएटिनिन दाखवून विचारा. सकाळी लघवी झाल्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा, दोन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहिला तर फोन करा. अन् परत कधी थंडी वाजून ताप आला, लघवी कमी झाली किंवा ते बरळायला लागले तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजता का होईना, सरळ कॅज्युअल्टीत न्या.

फिरायला जाऊ द्या, सध्या गल्लीच्या टोकापर्यंत, सोबत कोणीतरी असू द्या.