उत्तर ‘नाही’ येऊ शकेल असा प्रश्न

नौपाडा, ठाणे

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांच्या विषयांची यादी मिळाली. ‘बाई, कुठले विषय बाद करू ते सांगा,’ असं लिहिलंयस. एक सोडला तर बाद एकही करू नकोस, त्या एकाचं शेवटाकडे सांगते. पण निम्म्या मुलांना कुणाचं ना कुणाचं निदान करायचंय, ते आधी थांबव. ‘नटसम्राट’मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांचं नैराश्य, अमक्या नायिकेची व्यक्तिमत्त्व-विकृती, तमक्या कवीचा न्यूनगंड. मानसशास्त्र आणि साहित्य असा जोडविषय दिला की मुलं पहिल्यांदा इथेच जाऊन बसतात, कारण काम सोपं असतं. डीएसएम, म्हणजे मनोविकारांच्या निकषांचं पुस्तक, उघडायचं, नऊपैकी पाच लक्षणं लागतात म्हणून नाटकातून पाच उतारे काढायचे आणि निष्कर्ष टाइप करायचा. उतारे सापडतातच. शोकांतिकेत नाही सापडणार तर कुठे? त्यात बेलवलकरांना झोप लागते का, हे कुणी विचारू शकत नाही. शिरवाडकरांनी त्यांच्या तोंडी जे घातलं, त्यापलीकडे त्यांना मनच नाही.

त्याच मुलाला वेगळं काम दे. बेलवलकर स्वतःचं बोलणं सोडून जुन्या भूमिकांच्या वाक्यांत शिरतात. कधी शिरतात? समोर कोण असतं? आधीच्या दोन-चार संवादांत काय घडलेलं असतं? संहिता घेऊन बसायचं आणि अशा प्रत्येक जागेची अंकवार नोंद करायची. त्याला वाटत असेल, अपमान झाला की ते भूमिकेत पळून जातात. असेल तसं. पण खुशीत असतानाही ते तितक्याच वेळा जात असतील तर त्याचा अंदाज पडला. पडण्याची सोय आहे, म्हणून मी त्याला प्रकल्प म्हणेन. पहिल्या विषयात ती सोयच नव्हती.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि विद्यार्थी असताना तू ते ऐकून कंटाळलीही असशील. प्रश्न असा हवा की उत्तर ‘नाही’ येऊ शकेल. मानसशास्त्राच्या मुलांना हे किमान संख्याशास्त्राच्या पेपरात तरी भेटतं. मराठीची मुलं मात्र ‘अमुक कादंबरीतील मानसशास्त्रीय जाणिवा’ असं शीर्षक घेऊन येतात. त्यात जाणिवा सापडल्या नाहीत, असं आजवर एकाही प्रबंधात निघालेलं नाही.

‘कथावाचनाने सहानुभूती वाढते का?’ हा विषय यादीत दोनदा आहे. दोघींनीही किड आणि कास्टानो या संशोधकांच्या, ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात २०१३ साली आलेल्या प्रयोगाचा आधार घेतलाय. साहित्यिक कथेचा छोटा उतारा वाचलेल्यांना, नुसत्या डोळ्यांचे फोटो पाहून भावना ओळखायच्या चाचणीत इतरांपेक्षा जास्त गुण पडले. आपल्यासारख्यांना हे ऐकून गुदगुल्या होतात. पण पुढचं त्या दोघींनी वाचलेलं दिसत नाही. पानेरो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ७९२ जणांवर तोच प्रयोग करून पाहिला, परिणाम दिसला नाही. २०१८ मध्ये ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधले सामाजिक शास्त्रांतले २१ प्रयोग पुन्हा केले गेले. त्यांतले १३ टिकले, किड-कास्टानोंचा प्रयोग त्या तेरांत नव्हता. म्हणून विषय मेला असं नाही. वर्षानुवर्षं कथा-कादंबऱ्या वाचणं आणि असल्या चाचण्यांचे गुण यांच्यात थोडासा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो. वाचून माणूस समजूतदार होतो की समजूतदार माणूस वाचतो, हे मात्र त्यातून कळत नाही.

आणि वाचन मोजणार कसं? गूगल फॉर्मवर ‘तुम्ही महिन्याला किती पुस्तकं वाचता?’ असं विचारलं की सगळं ठाणे वाचायला लागतं. स्टॅनोविच आणि वेस्ट यांनी १९८९ मध्ये यावर छान युक्ती काढली. लेखकांच्या नावांची यादी द्यायची, त्यात बनावट नावं मिसळायची आणि ओळखीच्या नावांवर खूण करायला सांगायचं. बनावट नावावर खूण केली की गुण वजा. दोघींपैकी एकीला अशी मराठी यादी बनवायला लाव, वर्षभराचं काम आहे. खरी अडचण बनावट नावांची येईल. आपल्याकडे कुठलंही नाव आणि आडनाव जुळवा, त्या माणसाचा एक कवितासंग्रह निघालेला असतो! म्हणून प्रत्येक नाव मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या सूचीत तपासून घ्यायला सांग. १८९३ पासूनची संस्था गावात असताना मुलींनी नुसत्या फोनवर शोध घेऊन भागवू नये. तेवढ्या निमित्ताने त्या कपाटांपर्यंत तरी पोचतील.

मुलाखती आणि कवितांवरचे अभिप्राय घेऊन काम करणाऱ्यांना जोडीत बसव. एकाच मजकुराला दोघांनी एकमेकांना न दाखवता संकेत लावायचे, म्हणजे कुठल्या ओळीत कुठला भाव दिसतो त्याची खूण करायची, मग ताडून पाहायचं. दोघांचं किती जुळलं ते सांगणारा ‘कोहेनचा कप्पा’ (kappa) हा आकडा काढता येतो, काढा. पण मुलं तो आकडा परिशिष्टात टाकून मोकळी होतात, ते होऊ देऊ नकोस. जिथे जमलं नाही त्या ओळी घेऊन त्यांच्याबरोबर बस. एकाला त्या ओळीत राग दिसला, दुसरीला थट्टा दिसली, तर का? साहित्याचा विद्यार्थी तिथे कामाला येतो. हा एक तास तू स्वतः दे, बाकी गोष्टी ईमेलवर झाल्या तरी चालतील.

अभिनवगुप्त आणि फ्रॉइड यांना पहिल्या प्रकरणात शोभेला उभं करायची पद्धत आहे. साधारणीकरण, म्हणजे पात्राची भावना सगळ्या प्रेक्षकांची होणं, असं म्हणायचं असेल तर त्यावरून प्रेक्षक काय करेल असं तुला वाटतं, ते एका वाक्यात लिही, असं सांग. वाक्य जमलं नाही तर अभिनवगुप्तांना विश्रांती.

आता ज्याला ठाम नाही म्हणायचं ते. मनोरुग्णालयात जाऊन रुग्णांच्या कविता गोळा करण्याचा विषय आहे ना, तो पदवीच्या मुलांना अजिबात नको. मुलाचा हेतू चांगला असेल, पण नैतिकता समितीची मंजुरी नाही, संमती कशी घ्यायची याचं शिक्षण नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. सत्राच्या गुणांसाठी तिथलं दार ठोठावू नये. त्याला प्रकाशित आत्मकथनं दे. ज्यांनी आपलं दुखणं स्वतःहून छापलं, त्यांच्यावर काम करू दे. अकरावी-बारावीच्या मुलांवर प्रश्नावली चालवायची असेल तर त्यांच्या होकाराबरोबर पालकांचीही लेखी संमती हवी. कॉलेजातल्या ओळखीवर भागवू नका.

आणखी एक. आत्महत्येवरच्या कवितांचा विषय घेतलेल्या मुलीला एकटीला गाठून विचार की हाच विषय का. घोळक्यात विचारू नकोस. कधी कारण घरातच असतं. तसं असेल तर विषय काढून घ्यायची घाई नको, पण तू तिची समुपदेशक नाहीस, हेही विसरू नकोस. कॉलेजच्या समुपदेशकाशी तिची गाठ घालून दे, गावात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांच्याच वहीत असू दे. विषय बदलायचा का, ते तिला आठवड्याभराने ठरवू दे.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतील. ‘फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष वाचला की त्यांच्यातले काही जण कपाळाला आठ्या घालतात आणि ‘मग केलंत काय वर्षभर?’ असं पोराला विचारतात. त्या वेळी तू खोलीत हवीस. मुलांना आधी दोनदा सराव करून घे. काय शोधलं, कसं शोधलं, काय सापडलं नाही, हे मान वर करून सांगता आलं पाहिजे. परीक्षकांनी तरीही गुण कापले तर तिथल्या तिथे बोल, नंतर स्टाफरूममध्ये नको.

नाटकाची नोंदवही झाली की पहिल्या अंकाची पानं पाठव.

तुझी,
बाई